कोणते होळ?

आपल्या इंदुरात लग्नाची बोलणी निघाली म्हणजे पत्रिका, शिक्षण, नोकरी यांच्याही आधी कोणी तरी वडीलधारे माणूस एक प्रश्न हमखास टाकते : "आपण मूळचे कुठले?" उत्तर देणारा क्षणभर छताकडे पाहतो आणि आपल्या आडनावातला 'कर' काढून उरलेला भाग सांगून मोकळा होतो. ते गाव त्याने पाहिलेले नसते, त्याच्या वडिलांनी पाहिलेले नसते. पुष्कळदा ते कोणत्या तालुक्यात आहे हेही घरात कोणास ठाऊक नसते. तरी उत्तर पुरते. विचारणाऱ्याचीही तीच गत असल्यामुळे तो पुढे खोदून विचारीत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरी मात्र हे उत्तर पुरेनासे झाले. वडिलांची ऐंशी वर्षे सरली आणि त्यांनी कुलदैवताच्या दर्शनाचा ध्यास घेतला. कुलदैवत गावावरून ठरावयाचे आणि गाव कागदावरून. माळ्यावरच्या पेटीतून रुमाल सोडला, तो त्यात कागद निघाले दोन. एक मोडीत लिहिलेली वंशावळ, इनामाच्या कामी केव्हा तरी तयार केलेली. तीत मूळ पुरुषाचे गाव भीमेकाठचे. दुसरी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीवरून आजोबांनी उतरून आणलेली नामावळी. तीत गाव कऱ्हेकाठचे. नद्या दोन, गावे दोन, देवही दोन. वडील म्हणाले, "यांतले खरे कोणते ते आधी ठरव, मग गाडीची तिकिटे काढ."

आपल्या घरच्या भांडणात माणसाला नीट दिसत नाही, म्हणून मी आधी दुसऱ्याचे घर पाहावयाचे ठरविले. आणि इंदुरात राहून आडनावाचा माग काढावयाचा तर पहिले नाव कोणते घ्यावे, हे सांगावयास नको. या शहराला राजधानीपण ज्या घराण्याने दिले, त्याचेच आडनाव एका गावावरून पडलेले आहे. होळचे ते होळकर. थोरले सुभेदार मल्हारराव होळकर जन्मले कोठे, या प्रश्नाचे उत्तर शाळेतल्या मुलासही येते : नीरेकाठच्या होळ गावी. मीही इतकी वर्षे हेच सांगत आलो होतो.

सर जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानासंबंधीचा आपला ग्रंथ १८२३ साली छापला. मंदसोरचा तह ६ जानेवारी १८१८ रोजी झाला आणि त्यानंतरची काही वर्षे हा गृहस्थ महूच्या छावणीत राहून माळव्याची व्यवस्था पाहत होता. दरबारच्या जुन्या माणसांकडून त्याने घराण्यांच्या हकिकती काढून घेतल्या. त्याच्या सांगण्याप्रमाणे मल्हाररावांचे वडील होळ गावचे साधे शेतकरी. ते वारले तेव्हा मुलगा अगदी लहान होता. भाऊबंदांशी पटेना, म्हणून आई मुलास घेऊन खानदेशात आपल्या भावाकडे गेली. भावाचे नाव माल्कम देतो नारायणजी.

तीनच वर्षांनी, म्हणजे १८२६ साली, ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास निघाला. तोही होळच म्हणतो. पण वडील नुसते शेतकरी नव्हेत, तर गावचे चौगुले होते अशी त्याची माहिती आहे. पुढे १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटिअरात घराण्याचा उगम थेट मथुरेकडचा सांगितला आहे. तेथून ही मंडळी दक्षिणेत उतरली आणि होळास स्थायिक झाली. मल्हाररावांचा जन्म त्यात सुमारे १६९४ चा आहे, आणि मामाचे नाव झाले आहे भोजराज. मराठीत रूढ असलेली परंपरा मामास भोजराज बारगळच म्हणते, जन्म १६ मार्च १६९३ चा धरते, घराण्याचे आधीचे आडनाव वीरकर होते असे सांगते आणि खेड तालुक्यातले वाफगाव हे होळच्याही आधीचे ठाणे मानते.

म्हणजे पाहा : एक माणूस, तोही लहानसहान नव्हे, ज्याच्या फौजा अटकेपर्यंतच्या मोहिमांत होत्या त्याच्याविषयी वडिलांचा दर्जा दोन तऱ्हेचा, मामा दोन नावांचे, जन्मसाले दोन आणि मूळ ठिकाणे तीन. मृत्यूविषयी मात्र असा घोळ नाही. २० मे १७६६, मुक्काम आलमपूर. तेथे त्यांची छत्री उभी आहे. सुभेदार मरतो तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात बातमी जाते आणि अखबारनवीस लेखण्या सरसावतात. धनगराच्या घरी पोर जन्मते तेव्हा ती गोष्ट सुईणीला आणि दोन शेजारणींना ठाऊक असते. मोठ्या माणसाच्या जन्माची नोंद शोधताना आपण हे विसरतो, की जन्मला तेव्हा तो मोठा नव्हता.

या कागदांपैकी कोणी खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. प्रत्येकास विचारलेला प्रश्न निराळा होता. चौगुला म्हणजे पाटलाचा हाताखालचा वतनदार. चौगुलकी हे वतन आहे आणि वतनाला गाव लागते. 'होळचा चौगुला' या शब्दांनी एवढेच कळते की घराण्याचा हक्क होळात होता. ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट होता. वतनांचे कागद हे त्याचे रोजचे काम, म्हणून त्यास वतन दिसले. माल्कमला दरबारी माणसांनी गोष्ट सांगितली; गोष्टीत नायक जितका लहान तितकी त्याची चढती मोठी, म्हणून तेथे शेतकरी पुरला. मथुरेची कथा तर आपल्या ओळखीची आहे. राज्य मिळाले की घराण्यास उत्तरेकडचा एखादा तेजस्वी उगम हवासा वाटतो, आणि तो शोधून देणारे कोणी ना कोणी भेटतेच. आपल्याकडच्या कितीक घराण्यांच्या वंशावळी अशाच चितोडास किंवा मथुरेस जाऊन टेकल्या आहेत. त्यांच्या आदराला मी धक्का लावीत नाही, पण माग काढावयाचा तर तो खालून वर काढावा लागतो, वरून खाली नव्हे.

बरे, होळ तरी नक्की का? येथे नकाशा उघडावा आणि थक्क व्हावे. नीरा ही तेथे पश्चिमेकडून पूर्वेस वाहते. तिच्या उत्तर तीराकडे पुणे जिल्ह्यातला बारामती तालुका, दक्षिणेकडे सातारा जिल्ह्यातला फलटण तालुका. होळ नावाचे गाव बारामती तालुक्यात आहे आणि होळ नावाचे गाव फलटण तालुक्यातही आहे. दुसऱ्या होळशी गोंधळ होऊ नये म्हणून लोक 'होळ-मुरूम' असे जोडनाव घेतात खरे, पण मुरूम नावाची गावेही दोन्ही तालुक्यांत आहेत! फलटणकडच्या मुरूमला आज सुभेदारांच्या जन्मभूमीचा मान दिला जातो. 'नीरेकाठचे होळ' एवढ्यावर माल्कम आणि ग्रँट डफ समाधान पावले. त्यांच्या इंग्रज वाचकाला नदीचा कोणता काठ याच्याशी कर्तव्य नव्हते.

आपल्याला मात्र आहे. कारण काठ बदलला की दप्तर बदलते. बारामतीचा मुलूख जुन्या भीमथडी तालुक्यातला. त्याचे कागद पुण्यास. फलटण हे १९४८ सालापर्यंत नाईक निंबाळकरांचे संस्थान. त्याची कागदपत्रे वेगळी, देशमुखी वेगळी, वतनाच्या तंट्यांचे निवाडे वेगळे. शोध करणारा एका काठावर बसून आयुष्यभर रुमाल सोडीत बसला आणि माणूस दुसऱ्या काठचा निघाला, तर त्याच्या हाती काय लागणार? पुण्याच्या पेशवे दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ भाग छापले. मल्हारराव त्यांत पानोपानी आहेत. पण ते लढणारे, वसुली करणारे, रुसणारे आणि समजूत काढून घेणारे मल्हारराव. पाळण्यातले मल्हारराव त्यांत असावयाचे कारण नाही. पेशव्यांच्या फडास त्यांच्या पाळण्याशी काय करावयाचे होते?

दुसरी एक गोष्ट आपण गावात राहणारी माणसे चटकन ध्यानी घेत नाही. हे घराणे धनगराचे. नीरेच्या खालच्या अंगाचा तो भाग कमी पावसाचा. तिकडचे मेंढपाळ पावसाळ्यात आपल्या माळावर असतात आणि दसरा-दिवाळी उलटली की मेंढरे, घोडी, बायकापोरे घेऊन पश्चिमेकडे, घाट उतरून कोकणापर्यंत जातात. मृगाच्या आधी परततात. या चालत्या वस्तीला वाडा म्हणतात. बाळंतपणही वाड्यावरच व्हावयाचे. आता १६ मार्च ही परंपरेची तारीख खरी धरली, तर ते दिवस वाडा घराबाहेर असण्याचे! म्हणजे वडील वाड्याबरोबर हिंडणारे असले तर जन्म होळास होणे कठीण. आणि चौगुलकी सांभाळून गावात बसणारे असले तर सोपे. एका 'चौगुला' शब्दाला किती मोल येते ते यावरून दिसेल. माल्कमची गोष्ट गोड आहे, परंतु या ठिकाणी मी ग्रँट डफच्या रुक्ष शब्दाच्या बाजूने आहे.

तारखेचेही तसेच. १६९३ आणि १६९४ हा भेद मोठा वाटतो, पण जुन्या कागदांत तो सहज पडतो. शकात बहुतेक महिन्यांना ७८ मिळवावयाचे, आणि वर्षाच्या अखेरच्या महिन्यांना ७९. सुहूर सन मृगावर बदलतो; त्यात ५९९ की ६०० मिळवावयाचे हेही महिन्यावरच. फसलीचा हिशेब आणखी तिसरा. महिना गाळून नुसता सन उतरून घेणाऱ्या एका कारकुनाने वर्षभराचा फरक करून ठेवावा आणि पुढच्या शंभर वर्षांत विद्वानांनी त्यावर वाद घालावा, असे आपल्या इतिहासात वारंवार झाले आहे. त्यात मोडीची भर. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. अनोळखी गावाचे नाव वाचताना वाचणारा आपल्या ओळखीचे गाव वाचतो.

वाफगावचा दावाही टाकाऊ नाही. पुण्याच्या उत्तरेस खेड तालुक्यात हे गाव आहे. तेथे होळकरांचा भुईकोट आहे, आणि यशवंतराव होळकरांचा जन्म ३ डिसेंबर १७७६ रोजी तेथलाच मानतात. माळव्यात घराणे दोन पिढ्या नांदून चुकल्यावरही दक्षिणेतले ठाणे सुटलेले नव्हते, हे त्यावरून उघड आहे. पण नंतर बांधलेला कोट पाहून 'मूळचे येथलेच' असे म्हणणे म्हणजे आमच्या राजवाड्याकडे बोट दाखवून होळकर मूळचे इंदूरचे म्हणण्यासारखे आहे. दगडी वास्तू स्मृतीला आपल्याकडे ओढते. होळास मोठा कोट नव्हता. आडनाव तेवढे होते.

जेजुरीचा पुरावा मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. मुलाचे नाव ठेवले मल्हार, वडिलांचे नाव खंडोजी. दोन्ही नावे जेजुरीच्या देवाची. जेजुरी नीरेच्या खोऱ्यापासून फार दूर नाही. पुढे हाती सत्ता आल्यावर होळकरांनी जेजुरीस तट, ओवऱ्या, तलाव बांधले; मल्हारराव आणि गौतमाबाई यांच्या नावाचे देऊळही तेथे आहे. राज्य नर्मदेकाठी आणि देव कऱ्हेकाठी. दरबारी वंशावळीत मथुरा खुशाल येवो, नवस फेडावयास घराणे जेथे गेले ती दिशा मी अधिक खरी धरतो.

आता ज्या गोष्टीपाशी मी सर्वांत अधिक अडखळलो ती सांगतो. एके दुपारी हे सारे कागद पुढे मांडून बसलो असता आमच्या घरातून प्रश्न आला, "तुमचा स्वतःचा जन्म कुठला?" मी म्हटले, "उज्जैनचा." "का बरे? घर तर इंदुरात." का म्हणजे? आईचे माहेर उज्जैनचे. पहिले बाळंतपण माहेरी होते, हे लहान मुलासही ठाऊक आहे. वडिलांचा जन्म देवासचा, त्यांच्या आजोळचा. आमच्या धाकट्या बंधूंचा धारचा. त्या वर्षी मामांची बदली तेथे होती. चार पिढ्या इंदूरच्या म्हणविणाऱ्या आमच्या घरात थोरला मुलगा इंदुरात जन्मल्याचे उदाहरणच सापडेना! आणि आमच्या दोन्ही वंशावळींत यातले एक अक्षर नाही. असणार कोठून? त्यांत आयांची नावेच नाहीत.

मल्हारराव हे आईवडिलांचे एकुलते एक. त्या माउलीचा भाऊ खानदेशात तळोद्यास, म्हणजे हल्लीच्या नंदुरबार जिल्ह्यात, राहत होता. कदमबांड्यांच्या चाकरीत थोडी घोडी बाळगून होता. माल्कम त्यास नारायणजी म्हणो की गॅझेटिअर भोजराज म्हणो, मुलगा वाढला त्याच्याच अंगणात. त्याचीच मुलगी गौतमाबाई त्यास दिली. त्याच्याच पागेत तो शिपाईगिरी शिकला. मग पहिलटकरीण माहेरी गेली नसेल कशावरून? माहेर तेव्हाही तळोद्यासच होते की भाऊ मागाहून तिकडे गेला, यावर सारे अवलंबून आहे. होळ की तळोदे हा वाद कोणी घातल्याचे माझ्या वाचनात नाही. घालावा असेही मी म्हणत नाही, कारण त्याला कागदाचा आधार नाही. माझे स्वतःचे मत होळाच्याच बाजूचे आहे. पण जन्मस्थान म्हणून आपण जे गाव सांगतो ते बहुधा वडिलांच्या वतनाचे गाव असते, आणि जन्म देणारी कोठे होती हे कोणी विचारलेलेच नसते, एवढे या निमित्ताने माझ्या ध्यानात आले. या इंग्रजी हकिकतींत ती केवळ 'आई' आहे. गौतमाबाईंचे नाव कागदात ठसठशीत उरले, ते १७३४ साली खासगीची जहागीर त्यांच्या नावे झाली म्हणून. जहागिरीला नाव लागते, बाळंतपणाला लागत नाही.

तेव्हा घरचे दोन कागद मी पुन्हा उलगडले. भीमेकाठचे गाव सांगणारी वंशावळ इनामाच्या कामाची. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिणेतल्या इनामदारांवर आपापले हक्क शाबीत करण्याची पाळी आली. इनाम कोणास मिळाले, त्याच्यापासून आजच्या धन्यापर्यंत वंश सरळ आला की नाही, एवढेच सरकारास पाहावयाचे होते. म्हणून अशा वंशावळीत 'मूळ पुरुष' म्हणजे ज्यास इनाम मिळाले तो. त्याच्या बापाची कोणास गरज नव्हती. निपुत्रिक शाखा गाळल्या जात आणि मुलींना तर त्यात जागाच नव्हती. आमच्या मूळ पुरुषाचे गाव म्हणजे इनामाचे गाव, हे आता मला दिसू लागले.

त्र्यंबकची वही वेगळ्या कामाची. यात्रेकरू यावा, उपाध्यायांनी आडनाव आणि गाव विचारून वहीचे पान काढावे, वडील, आजे, पणजे वाचून दाखवावे, आणि नवी नोंद यात्रेकरूच्या सांगण्याप्रमाणे किंवा त्याच्याच हस्ताक्षरात करून ठेवावी. तेथे कोर्टकज्जा नाही, जमीन नाही. खोटे लिहून मिळावयाचे काहीच नाही. पण गाव सांगितल्याखेरीज पान सापडत नाही, ही तिथली गंमत. जो गाव विसरला त्याला त्याचे गाव सांगणारी वही समोर असून उपयोग नाही! आजोबांना कऱ्हेकाठचे गाव ठाऊक होते म्हणून त्यांना पान मिळाले. त्या पानावरच्या सर्वांत जुन्या नोंदीत खापरपणजोबांच्या हातचे शब्द आहेत : मूळ वस्ती कऱ्हेकाठी, इनाम भीमेकाठी, हल्ली मुक्काम इंदूर. आजोबांनी उतरून घेताना मधला तुकडा गाळला होता.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दोन्ही गावे आपलीच. तिकिटे चार काढ, तुझी आईही येईल." कार्तिकात आम्ही गेलो. दोन्हीकडे ओटी भरली, नारळ ठेवले. परतताना त्र्यंबकेश्वरी थांबून वहीत नवी नोंद करविली. नावे सांगून झाल्यावर आईने प्रथमच तोंड उघडले आणि सुनांची, लेकींची, त्यांच्या माहेरांची व सासरांची, आणि कोण कोठे जन्मले याची माहिती एकामागून एक सांगू लागली. उपाध्यायांनी दोनदा वर पाहिले. जागा पुरेना, तेव्हा त्यांनी पान उलटले.